मला तेच झालंय!

अमेरिकेत संध्याकाळच्या बातम्या लावल्या की देशात काय चाललंय हे कमी कळतं आणि देशाला काय काय झालंय हे जास्त कळतं. दर थोड्या वेळाने औषधाची जाहिरात. पन्नाशीची एक बाई समुद्रकिनाऱ्यावर कुत्र्याबरोबर धावत असते. ऊन कोवळं, कुत्रा खूश, बाई त्याहून खूश, मागे गिटार. आणि या सगळ्यावर एक गोड आवाज शांतपणे वाचून दाखवत असतो की या गोळीने यकृत बिघडू शकतं, आत्महत्येचे विचार येऊ शकतात, क्वचित मृत्यूही ओढवू शकतो. 'मृत्यू' म्हणेपर्यंत कुत्र्याने चेंडू झेललेला असतो. शेवटी ठरलेलं वाक्य: ही गोळी तुमच्यासाठी योग्य आहे का, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

चिठ्ठीशिवाय मिळत नाही अशा औषधाची जाहिरात थेट गिऱ्हाइकापुढे करायला जगात दोनच देश परवानगी देतात. एक अमेरिका, दुसरा न्यूझीलंड. न्यूझीलंडची सगळी वस्ती पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पंचक्रोशीत मावेल, तेव्हा त्यांना सोडून देऊ. अमेरिकेतही हे पूर्वापार नव्हतं. जाहिरातीत औषधाचे धोके तपशिलाने द्यावे लागत. मासिकात ते बारीक टायपात कोंबता येत, पण टीव्हीवर तेवढी यादी वाचायची तर पुढचा कार्यक्रम रद्द करावा लागला असता. ऑगस्ट १९९७ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, मोकळीक दिली. मोठे धोके तेवढे बोला, उरलेल्यांसाठी एक फुकटचा फोन नंबर, एक वेबसाइट, मासिकातली जाहिरात आणि डॉक्टर यांच्याकडे बोट दाखवा. तेव्हापासून कुत्रा धावतोय.

रक्तदाबाची गोळी विकायची तर माणसाला रक्तदाब असावा लागतो, आणि तो आहे की नाही हे दंडाला पट्टा बांधून बघावं लागतं. पट्टा खोटं बोलत नाही, निदान कंपनीच्या सोयीने तरी बोलत नाही. पण 'माझं लक्ष लागत नाही' याला पट्टा नाही, रक्ताची चाचणी नाही, क्ष-किरण नाही. तिथे पुरावा म्हणजे तुमचंच म्हणणं. अशा ठिकाणी गोळी विकण्याची घाई करायची नसते. 'तुम्हाला काहीतरी झालंय' एवढं आधी विकायचं. ते विकलं गेलं की गोळीचं गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतं, आणि येताना औषधाचं नाव पाठ करून येतं.

एडीएचडी हे प्रकरण असं आहे. पूर्ण नाव अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, पण एवढं लांब नाव शेवटपर्यंत लक्ष देऊन वाचणाऱ्याला तो आजार नसावा. कैक वर्षं हा लहान मुलांचा आजार मानला जाई. बाकावर बूड न टेकणारी, पेन्सिली हरवणारी, बाईंचं वाक्य संपायच्या आत उत्तर देणारी मुलं. मुलांची एक खोड असते, ती मोठी होतात. कंपन्यांच्या हिशेबी हा मोठाच तोटा. बरं, संशोधकही तोवर सांगू लागले होते की यातल्या बऱ्याच मुलांचा आजार मिसरूड फुटल्यावर जात नाही, आणि ते खरंही होतं. शास्त्राला एक सत्य सापडलं आणि विक्रीखात्याला त्यात एक बाजारपेठ सापडली. नोव्हेंबर २००२ मध्ये एली लिली कंपनीच्या स्ट्रॅटेरा या औषधाला मंजुरी मिळाली. प्रौढांच्या एडीएचडीसाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध. मग दिवाणखान्यातल्या टीव्हीने मुलांकडून मान वळवून आईबापांकडे पाहिलं.

आता प्रश्नपत्रिका. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने हार्वर्डचे रोनाल्ड केसलर, न्यूयॉर्कचे लेनर्ड ॲडलर आदींनी २००५ च्या सुमारास प्रौढांसाठी सहा प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. हेतू सरळ होता. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरला कळावं की या माणसाची नीट तपासणी करायला हवी. ती एक चाळण होती. चाळणीत राहिलेलं धान्य निवडायचं असतं, लगेच दळायला द्यायचं नसतं. पण चाळण फुकट, छापायला सोपी आणि दोन मिनिटांत संपणारी. ती कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या आरोग्य-वेबसाइटांवर आली, आणि तिथे आली ती निकालपत्र होऊन.

प्रश्नांचा मथितार्थ देतो, आपापली उत्तरं मनात धरा. कामातला मोठा भाग उरकल्यावर शेवटचं बारीकसारीक आवरणं जड जातं का? (महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्याच्या ठेकेदाराला विचारून घ्या.) नीट मांडणी लागते अशा कामात क्रम लावताना अडचण येते का? भेटीच्या वेळा आणि देणी लक्षात ठेवायला त्रास होतो का? (उसने पैसे नेणाऱ्यांत याची साथ कित्येक पिढ्या आहे.) डोकं चालवावं लागेल असं काम पुढे ढकलता का? (अमेरिकेत हे करविवरण भरायच्या शेवटच्या दिवशी, १५ एप्रिलला तपासावं, आपल्याकडे ३१ जुलैला.) बराच वेळ बसावं लागलं की हातपाय चाळवता का? (सत्काराला सात वक्ते आणि त्यावर अध्यक्षीय समारोप असेल तर उत्तर ग्राह्य धरू नये.) आणि सहावा, कुणीतरी आत मोटार बसवल्यासारखे सतत काही ना काही करत राहता का? याला मुंबईत नोकरी म्हणतात.

उत्तरं पाच प्रकारची: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, फारच वेळा. सहापैकी चार उत्तरं करड्या चौकटीत पडली की पुढची तपासणी करावी. पहिल्या तीन प्रश्नांना 'कधीकधी' एवढं उत्तरही करड्या चौकटीत बसतं. कधीकधी! कधीकधी देणी विसरत नाही असा माणूस मला दाखवा, मी त्याच्याकडून उसने घेईन. न्यूयॉर्क टाइम्सने २०१३ मध्ये हजारावर सामान्य प्रौढांना हे सहा प्रश्न घातले. जवळजवळ निम्मे लोक 'तुम्हाला एडीएचडी असू शकतो' या टप्प्यात येऊन पडले. निम्म्या देशाला एक आजार निघाला तर उरलेल्या निम्म्यांना काय झालंय ते शोधायला हवं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. नाहीतर उद्या पत्रं येतील की तुम्ही आजारी माणसांची टिंगल करता. हा आजार खोटा नाही. ज्याला खरंच आहे त्याची नोकरी टिकत नाही, बिलं भरायची राहून वीज कापली जाते, गाडी ठोकली जाते, लग्न मोडतं, आणि एवढं होऊन घरचे त्याला आळशी म्हणतात ते वेगळंच. मुलींच्या बाबतीत तर आणखी अन्याय. वर्ग डोक्यावर घेणारा मुलगा बाईंच्या नजरेत येतो. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून तिचं काही होतही नाही. तिला पस्तिशीत-चाळिशीत कळतं की आपण बिनडोक नव्हतो. हे कळणं तिच्या आयुष्यात फार मोठं असतं आणि त्यावर विनोद करण्याचं धाडस माझ्यात नाही. माझी तक्रार तिच्यावर नाही, तिच्या खऱ्या दुखण्याच्या आडोशाने दुकान लावणाऱ्यांवर आहे.

दुकानातल्या मालाची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १९३७ साली ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका इस्पितळात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी डोकेदुखीवर उतारा म्हणून मुलांना बेन्झेड्रीन, म्हणजे ॲम्फेटामिन, देऊन पाहिलं. डोकं दुखायचं काही थांबलं नाही, पण मुलं अभ्यास करू लागली. मुलांनीच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या लिआंड्रो पानिझॉन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्यांच्या पत्नीने ते घेऊन पाहिलं आणि तिचं टेनिस सुधारलं, अशी कथा सांगतात. पत्नीचं नाव मार्गरीट, लाडाने रिटा. म्हणून औषध झालं रिटालिन. आपल्याकडे नवरे फार तर बंगल्याला बायकोचं नाव देतात.

त्याहून सुरस कथा ओबेट्रॉलची. ही विसाव्या शतकाच्या मध्यावरची वजन उतरवायची गोळी, आत ॲम्फेटामिनची क्षारमिश्रणं. ती फॅशन ओसरली आणि गोळी अडगळीत गेली. नव्वदच्या दशकात रॉजर ग्रिग्ज नावाच्या गृहस्थाने ती कंपनी विकत घेतली. त्याच्या लक्षात आलं की ही गोळी लक्ष लागण्यासाठी चालते. फक्त नाव जुनाट होतं. नवं नाव ठेवलं ॲडरॉल, आणि ते कसं सुचलं हे त्यानेच पुढे सांगितलं: एडीडी हे आजाराचं तेव्हाचं रूढ नाव, आणि त्यापुढे 'ऑल'. सगळ्यांसाठी. सुरुवातीलाच इतक्या प्रांजळपणे धोरण जाहीर करणारा उद्योजक विरळा. १९९६ मध्ये मंजुरी मिळाली, कंपनी पुढे शायर या औषधकंपनीने घेतली, आणि 'ऑल' कामाला लागलं.

शायरने मग वायव्हान्स आणलं, तेही ॲम्फेटामिनच्याच घराण्यातलं. आधी मुलांच्या एडीएचडीसाठी, मग प्रौढांच्या. जानेवारी २०१५ मध्ये त्याला दुसऱ्या एका आजारासाठी मंजुरी मिळाली: भान हरपून खात सुटण्याचा विकार. आजार समजावून सांगायला कंपनीने पैसे देऊन टेनिसपटू मोनिका सेलेसला उभं केलं. तिला तो त्रास खरोखर झालेला होता. म्हणजे बघा, वजन उतरवायची गोळी अडगळीत गेली, लक्ष लागायची गोळी होऊन परत आली, आणि तिची धाकटी बहीण खाणं आवरायची गोळी झाली. वजन उतरवण्यासाठी हिचा वापर करू नये, असं औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं. बाजूला टेनिस आहेच, रिटापासून.

कुणी म्हणेल, हे तर अंमली द्रव्यांच्या यादीतलं औषध, याची जाहिरात कशी होते? १९७१ च्या मनोप्रभावी द्रव्यांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात साफ म्हटलंय की असल्या द्रव्यांची जाहिरात आम जनतेपुढे करू नये. अमेरिका त्यात सामील आहे. पण त्याच कलमात एक मऊ जागा आहे: ज्याने त्याने आपापल्या राज्यघटनेचा मान राखून. आणि अमेरिकेची राज्यघटना म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये धंद्याच्या भाषणालाही त्या स्वातंत्र्याची सावली दिली. गंमत म्हणजे तो खटलाही औषधांच्याच दुकानांचा होता: औषध विक्रेत्यांना औषधाचे भाव जाहीर करता यावेत की नाही. गरिबाला स्वस्त औषध कुठे मिळतं ते कळावं म्हणून उघडलेल्या दारातून पुढे कोण कोण आत आलं!

तरी तीस वर्षं कंपन्यांनी करार पाळला. संकेत म्हणा, भीड म्हणा. २००१ मध्ये सेलटेक या कंपनीने मेटाडेट सीडी या मिथाइलफेनिडेटच्या गोळीची जाहिरात बायकांच्या मासिकांत दिली आणि भीड चेपली. शाळा उघडायचे दिवस होते. वह्या-दप्तरं घ्यायला निघालेल्या आयांना गोळीही दाखवली गेली. त्यानंतर सगळेच उतरले. २००८ मध्ये एफडीएने एडीएचडीच्या औषधांच्या कंपन्यांना एकगठ्ठा पत्रं धाडली की जाहिरातींत गुण फुगवलेत, धोके दडवलेत. त्यातला एक व्हिडिओ घरं दुरुस्त करून देण्याच्या टीव्ही कार्यक्रमाचा लाडका सूत्रसंचालक टाय पेनिंग्टन याचा होता, ॲडरॉल एक्सआरचे गुण गाणारा. २०११ मध्ये गायक ॲडम लेव्हिन आला. शायरच्या पैशाने चाललेल्या मोहिमेत त्याने तरुणांना सांगितलं की लहानपणचा एडीएचडी मोठेपणीही असू शकतो, तो आपलासा करा. त्यात गोळीचं नाव नव्हतं. नाव घेतलं की धोके वाचावे लागतात. नाव न घेता फक्त आजार सांगितला की त्याला जनजागृती म्हणतात.

आणि विक्रेते खासगीत काय सांगत होते? २०१४ मध्ये शायरने अमेरिकी सरकारशी साडेपाच कोटींहून अधिक, नेमके ५ कोटी ६५ लाख डॉलर भरून तडजोड केली. गुन्हा कबूल केला नाही. तसा तो तडजोडीत कुणीच करत नाही. सरकारचे आरोप मात्र वाचनीय होते. ॲडरॉल एक्सआर घेतल्याने परीक्षेतलं अपयश, नोकरी जाणं, गुन्हेगारी, वाहन अपघात आणि गुप्तरोग टळतात, असं सुचवलं जात होतं म्हणे. वायव्हान्सच्या खाती घटस्फोट आणि अटक टाळल्याचं श्रेय होतं. आपल्याकडे एवढं सगळं टाळायला शनीची साडेसाती उतरवावी लागते.

डॉक्टर काय करतात, हा रास्त प्रश्न. जाहिरातवाले छातीठोक सांगतात की आम्ही फक्त विचारायला सांगतो, लिहून देणारे डॉक्टरच. तर २००५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात क्रॅव्हिट्झ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. एडीएचडीचा नव्हे, नैराश्याच्या औषधाचा. पण माणसं तीच आणि दवाखानेही तेच. पढवून तयार केलेल्या नट्या रुग्ण म्हणून डॉक्टरांकडे पाठवल्या. काहींना आयुष्यातल्या एखाद्या धक्क्याने आलेल्या साध्या उदासीचं सोंग दिलेलं, ज्यात गोळीची फारशी गरज नसते. ज्यांनी काहीच मागितलं नाही, त्यांतल्या दहा टक्के बायकांना नैराश्याची गोळी मिळाली. ज्यांनी 'टीव्हीवर अमुक नावाची गोळी पाहिली' असं म्हणून नाव घेतलं, त्यांतल्या पंचावन्न टक्के बायकांना मिळाली. 'डॉक्टरांना विचारा' या वाक्याची किंमत कंपन्यांना उगाच कळलेली नाही.

हे झालं टीव्हीचं. टीव्ही आता म्हाताऱ्यांचा. त्यावर सांधे, मधुमेह आणि तो कुत्रा. लक्ष न लागणारी पिढी फोनवर आहे, आणि फोन तिचं लक्ष लागू देत नाही. मग त्याच फोनवर, वीस सेकंदांच्या व्हिडिओत, एक हसरा चेहरा विचारतो की तुमचं वीस सेकंदांपलीकडे लक्ष टिकत नाही का? कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे सर्वांत लोकप्रिय शंभर व्हिडिओ तपासले. बावन्न दिशाभूल करणारे निघाले. उपयोगी एकवीस. आणि दिशाभूल करणाऱ्यांत खोटारडेपणा कमी, हौसच जास्त. कुणी म्हणतं भावना अनावर होतात म्हणजे एडीएचडी, कुणी म्हणतं चाव्या हरवतात म्हणजे एडीएचडी. आपल्या प्रत्येक खोडीला वैद्यकीय नाव मिळालं की माणसाला जरा बरं वाटतं. आळस म्हटलं की ओशाळायला होतं. आजार म्हटलं की सहानुभूती मिळते, वर पाठीराखे मिळतात.

कोरोनाकाळात नियम सैल झाले. एरवी असल्या औषधांसाठी डॉक्टरला एकदा तरी तोंड दाखवावं लागे. आता पडद्यावरच्या पडद्यावर चिठ्ठी मिळू लागली. लगेच नव्या कंपन्या फोफावल्या. सेरेब्रल नावाच्या कंपनीने एडीएचडीचा संबंध लठ्ठपणाशी जोडणारी, खाद्यपदार्थांच्या गराड्यात बसलेल्या बाईची जाहिरात केली. २०२२ च्या जानेवारीत इन्स्टाग्राम आणि टिकटॉकने ती काढून टाकली. ज्या गोष्टीची इन्स्टाग्रामलाही लाज वाटते ती काय असेल, कल्पना करा. 'डन' नावाच्या दुसऱ्या कंपनीने चार कोटींवर गोळ्या बेकायदा वाटल्याचा आरोप सरकारने जून २०२४ मध्ये ठेवला. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर, आणि पहिली तपासणी अर्ध्या तासाच्या आत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्यूरीने तिच्या संस्थापिकेला दोषी ठरवलं. कंपनीच्या नावाचा अर्थ 'झालं'. पेशंट येतो, प्रश्न विचारले, झालं.

नियमाप्रमाणे निदान करायचं तर ते एवढं झटपट होत नाही. मानसोपचाराच्या अमेरिकी नियमग्रंथात, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, अठरा लक्षणं आहेत. प्रौढाला एका गटातली किमान पाच असावी लागतात, घरी आणि कामावर अशा दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात, त्यांनी आयुष्याचा खोळंबा केलेला असावा लागतो. आणि त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती, ती बारावर नेली. एका फटक्यात पाच वर्षांच्या आठवणी पात्र झाल्या. तर अशी ही बाराव्या वर्षाआधीची अट. तिथे न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी माणसाची पंचाईत होते. साक्षीदार पुण्यात. रात्री साडेदहाला, म्हणजे इकडे सकाळी, तो आईला फोन करतो.

"आई, मी लहानपणी कसा होतो गं? म्हणजे लक्ष वगैरे?"

"लक्ष? पायाला भिंगरी होती तुझ्या. डबा रिक्षात विसरायचास. एकदा तर दप्तरच."

"आणि अभ्यासात?"

"पहिला नंबर कधी सोडला नाहीस!" हे मात्र ठणकावून. शेजारी ऐकत असतील तर जरा जास्तच.

आता डॉक्टर यातलं काय धरणार? आईची साक्ष दोन्हीकडून सारख्याच जोराची. शिवाय आई विचारतेच, "का रे? काही झालंय का?" 'काही नाही, सहज' हे उत्तर देताना तोही सहजपणा दाखवू शकत नाही. मग दोन दिवसांनी कुरिअरने ब्राह्मी घृत निघतं.

त्यावरून आठवलं. आपण फार वरून बोलू नये. दहावीच्या पोराची एकाग्रता विकत मिळते हा शोध अमेरिकेचा नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, भिजवलेले बदाम, डोक्यावर चोळायचं तेल, ढवळून प्यायची पावडर, आणि मार्चच्या तोंडावर बाहेरगावच्या देवाची यात्रा, हा सगळा बाजार आपल्याकडे आजीच्या आशीर्वादाने चालतो. फरक इतकाच की आपण पोराला आजारी म्हणत नाही, फक्त बाटली संपवायला लावतो.

कायदा मात्र आपला कडक आहे, कागदावर तरी. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या जोडीला औषध नियमांची परिशिष्टं. मिथाइलफेनिडेट परिशिष्ट 'एक्स'मध्ये येतं. म्हणजे डॉक्टरने चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची, माल कुलपात ठेवायचा. ॲडरॉल इथे मिळतच नाही. टिकटॉकवर २०२० च्या जूनपासून बंदी. म्हणजे आपण सुरक्षित? रील्स आहेत ना. अमेरिकेतल्या कंपनीच्या जनजागृतीवर पोसलेला तिथला व्हिडिओ, त्याची इथल्या कुणीतरी केलेली हिंदी नक्कल, तिची मराठी नक्कल, आणि खाली दोनशे प्रतिक्रिया: 'अरे, हे तर मी!' पुण्यातला मानसोपचारतज्ज्ञ आता 'काय होतंय?' असं विचारत नाही. पेशंट आधीच सांगतो की काय झालंय. आजाराची जाहिरात सीमा ओलांडून आली. गोळी मात्र दोन प्रतींच्या चिठ्ठीत अडकून पडली. इतका गोड अनर्थ कायदा करणाऱ्यांच्या मनातही नसेल.

तिकडे ट्रम्प यांनी ९ सप्टेंबर २०२५ रोजी औषधांच्या जाहिरातींवर लगाम घालायचा आदेश काढला. एफडीएने कंपन्यांना हजारो पत्रं पाठवली. सरकारची पत्रं कंपन्यांना नवी नाहीत, २००८ ची फायलीत असतीलच.

मधल्या काळात आकडे वाढले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये तिथे १ कोटी ५५ लाख प्रौढांना एडीएचडीचं निदान झालेलं होतं, शंभरात सहा. त्यातल्या निम्म्याहून अधिकांचं निदान वयाच्या अठरानंतरचं. किती खरे, किती स्वयंघोषित, हे कुठल्या पट्ट्याने मोजायचं हा आधीचाच प्रश्न. पण गोळी दोन्हीकडच्यांना हवी असते, आणि गोळीचा वार्षिक कोटा पोलिसी खातं ठरवतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲडरॉलचा तुटवडा अधिकृतपणे जाहीर झाला. २०२३ च्या त्याच पाहणीत उत्तेजक गोळी घेणाऱ्या प्रौढांपैकी एकाहत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की चिठ्ठी असूनही औषध मिळताना नाकी नऊ आले.

आता हे औषध मिळवायची रीत पाहा. या वर्गातल्या औषधाची चिठ्ठी एकदाच चालते, दर खेपेला नवी लागते. म्हणजे तारीख लक्षात ठेवा. वेळेआधी गेलात तर संशय, उशिरा गेलात तर खाडा. डॉक्टरकडून चिठ्ठी दुकानात पाठवा. दुकानात माल नाही. दुसऱ्या दुकानाला फोन लावा, 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत बसा, तिथेही नाही. यादी करा, कुठे विचारलं, कुठे नाही, कुणी मंगळवारी फोन करा म्हणालं. मंगळवारी फोन करा. माल मिळाला की चिठ्ठी तिकडे वळवायची खटपट. कंटाळवाणं काम पुढे ढकलू नका, क्रम लावा, वेळा पाळा, शेवटचं बारीकसारीक आवरा, रांगेत चुळबुळ करू नका, आतली मोटार बंद ठेवा. ज्या सहा प्रश्नांत नापास झाल्याबद्दल ही गोळी लिहून मिळते, त्या सहाही प्रश्नांत दर महिन्याला पहिल्या वर्गात पास झाल्याशिवाय ती हातात पडत नाही.